राखीव डोंगर, राखीव माणसे

जंगलखात्यात रेंजर म्हणून लागलेले आणि उपवनसंरक्षक होऊन निवृत्त झालेले माझे मामा धुळ्यास राहतात; मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो; आणि सातपुड्याचा विषय निघाला म्हणजे आम्हां दोघांत खडाजंगी होणार, हे घरच्या मंडळींनी केव्हाच गृहीत धरलेले आहे. मागच्या दिवाळीतला वाद मात्र नेहमीपेक्षा लांबला. कारण या खेपेस प्रश्न एखाद्या पाड्यावरील अतिक्रमणाचा नव्हता, तर परकी सत्तेने माणसाचा वंश, त्याच्या पायाखालचा डोंगर आणि त्या डोंगरावरील आपली मालकी या तीन गोष्टींची सांगड कशी घातली, आणि मुळात तशी ती घातली तरी का, हा होता. मामांचे म्हणणे मला पटत नाही. परंतु ज्याने सारी उमेद डोंगर तुडवण्यात घालवली त्याचे म्हणणे बाजूला सारून चालत नाही, म्हणून दोन्ही पक्ष जसे झाले तसे येथे मांडतो.

मामा : तुझ्या म्हणण्याचा मथितार्थ एवढाच ना, की इंग्रजाने भिल्लाला आधी रानटी ठरवले आणि मग रान त्याच्याकडून काढून घेतले? ऐकायला हे ठीक आहे. पण १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला तेव्हा त्याची अवस्था काय होती, हे तुझ्या विद्यार्थ्यांना तू सांगतोस का? होळकर-शिंद्यांच्या फौजांनी तुडवलेला, पेंढाऱ्यांनी लुटलेला, १८०३ च्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पाडलेला तो मुलूख. सातपुडा आणि सातमाळा यांच्या खिंडीखिंडींतून उतरणाऱ्या टोळ्या. आणि त्या टोळ्यांचा बंदोबस्त आपल्या राज्याने कसा केला? १८०४ साली बाळाजी लक्ष्मण या सरसुभेदाराने भिल्लांना कोपरगावास बोलावले, आणि विश्वासाने आलेल्या त्या माणसांची कत्तल करून प्रेते विहिरींत लोटली. त्यानंतर वीस वर्षांनी आला जेम्स आउट्रम, अवघ्या बाविशीचा पोर. त्याने भिल्लांच्या बरोबर वाघाच्या शिकारी केल्या, त्यांच्यात उठला-बसला, त्यांचीच पलटण उभारून तिचे ठाणे धरणगावास घातले. ज्यांना शिपाईगिरी नको होती त्यांना सरकारने जमिनी दिल्या, बैल-बियाण्यासाठी तगाई दिली, मागले गुन्हे माफ केले. एकाने विहीर दाखवली, दुसऱ्याने नांगर दिला. यात वंशाचा प्रश्न तू कोठून काढतोस?

मी : कोपरगावची कत्तल मी वर्गात सांगतो, आणि ती सांगताना मान खाली जाते. तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु मामा, त्या क्रौर्याचे स्वरूप निराळे होते. जुन्या अंमलात भिल्ल नाईक कधी घाटाचा राखणदार असे, कधी त्याच घाटाचा लुटारू. राखणीबद्दल त्याला गावांकडून आणि वाटसरूंकडून हक्क मिळत, हक्क थकले की तो बंड करी, आणि बंड केले की सरकार त्याच्यावर फौज धाडी. हे सारे भांडण खालच्या मुलखाच्या उत्पन्नावरून चाले. वरचा डोंगर कोणाचा, हा प्रश्न दप्तरात उमटतच नसे, कारण तो भिल्लांचा आहे हे मारणाऱ्यालाही ठाऊक होते आणि मरणाऱ्यालाही. नव्या अंमलाने भिल्लाच्या बंडाचे कारणच बदलले. थकलेला हक्क, उपासमार, अपमान ही कारणे हळूहळू मागे पडली, आणि भिल्ल असा वागतो तो त्याच्या रक्तामुळे व त्याच्या डोंगरामुळे, ही समजूत त्यांच्या जागी बसली. १८२५ साली खानदेशाचे भिल्ल एजन्सींत विभाग पाडले गेले ते सातपुडा, सातमाळा आणि पश्चिमेकडील डांगी मुलूख यांच्या ठेवणीवरून. पुढे १८८० साली खानदेशाचे गॅझेटिअर छापले गेले, त्यातही भिल्लांची वर्गवारी मैदानी भिल्ल आणि डोंगरी भिल्ल अशीच आहे. चढण जितकी उभी, तितका माणूस कमी सुधारलेला, असा तो हिशोब आहे. मग सुधारणा म्हणजे काय? तर त्याला खाली आणणे. नांगर दिला हे खरे, पण तो सपाटीवर दिला. भिल्ल खाली उतरला म्हणजे वर उरतो तो निव्वळ डोंगर. आणि ज्या डोंगराला धनी नाही त्याचा धनी सरकार.

मामा : थांब. १८२५ साली त्या डोंगराला विचारीत कोण होते? आउट्रमला सागाच्या लाकडाचा व्यापार करायचा नव्हता. त्याला रस्ते निर्धोक हवे होते. तू पन्नास वर्षांनंतरची गोष्ट पन्नास वर्षे आधीच्या माणसाच्या माथी मारतो आहेस.

मी : आउट्रमच्या मनात लाकूड नव्हते, हे मला मान्य आहे, त्याच्या मनात आग्रा रस्ता होता. मुंबईहून माळव्यात फौजा आणि माल जायचा तो सेंधव्याच्या घाटातून, आणि त्या घाटाच्या राखणीवर खाज्या नाईक होता. सरकारचा पगार खाणारा हाच खाज्या नाईक १८५७ साली फिरला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या डोंगरात त्याच्या भिल्लांची आणि कंपनीच्या फौजेची मोठी लढाई झाली. पकडलेल्या भिल्लांना रणभूमीवरच उभा न्याय करून गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे नांगराच्या धोरणाखाली बंदूक होतीच. पण माझा मुख्य मुद्दा क्रमाचा आहे. डोंगर रानटी आणि म्हणून डोंगरातला माणूस रानटी, ही कल्पना आधी तयार झाली. लाकडाची गरज मागाहून आली. आणि ती आली तेव्हा कल्पना तयार होती. डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील जंगलाचा पट्टा कंपनीने १८४२ साली लिहून घेतला, कारण मुंबईच्या गोदीला साग हवा होता. १८४७ साली मुंबई इलाख्याला डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हा पहिला जंगल-संरक्षक मिळाला. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली, आणि पुढे लोहमार्ग घाट चढून खानदेशात शिरला, तसे रुळांखालच्या स्लीपरांसाठी डोंगरच्या डोंगर मोजले जाऊ लागले. त्या मोजणीच्या वेळी, येथे राहणारा माणूस या झाडांचा मालक असू शकेल काय, असा प्रश्न कोणालाही पडला नाही. तो पडू नये अशी तजवीज तीस-चाळीस वर्षे आधीच झालेली होती.

मामा : गिब्सनचे नाव घेतलेस ते बरे झाले. तो दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख, वनस्पतींचा जाणकार, पेशाने वैद्य. कोकणातले डोंगर उघडे पडत चालले, झरे आटू लागले, खाड्या गाळाने भरू लागल्या, हे त्याने सरकारला ओरडून सांगितले. तेव्हा झाडे तोडणारे कोण होते? लाकडाचे ठेकेदार होते, आणि ते आपलेच होते. त्यानंतर १८६४ साली आला डीट्रिच ब्रँडिस. जर्मन माणूस, वनशास्त्राचा खरा अभ्यासक. गावाचे जंगल गावाकडे असावे, असे आपल्या अहवालांतून पुन्हापुन्हा मांडणारा. आम्ही नोकरीत शिरलो तेव्हा त्याचे नाव गुरूसारखे घेतले जाई. जंगलखाते नसते तर सातपुड्यावर आज सागाचे एक खोड उरले नसते. वंश, वंश म्हणून तू जे म्हणतोस त्याला झाडाची भाषा कळत नाही.

मी : ब्रँडिसबद्दलचा तुमचा आदर रास्त आहे. दुःख एवढेच की तो हरला. १८६५ चा पहिला जंगल कायदा अपुरा वाटून दुसऱ्याची तयारी सुरू झाली, तेव्हा सरकारपुढे दोन मते होती. जंगलखात्यातला अधिकारी बेडन-पॉवेल म्हणत होता की सरकारने लेखी दिलेला असेल तोच हक्क. बाकीची सारी वहिवाट ही राज्यकर्त्याने चालू दिलेली सवलत, आणि सवलत मर्जीनुसार काढून घेता येते. मद्रासच्या महसूल मंडळाने याला उघड विरोध केला. ब्रँडिसने मधला मार्ग सुचवला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने लोकांच्या वतीने निवेदन केले. शेवटी १८७८ चा कायदा झाला, आणि त्याचा कणा बेडन-पॉवेलचाच राहिला. पाच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगलखात्याने गिळल्याची तक्रार आहे. तुम्ही म्हणता तशी झाडाची भाषा त्या कायद्यात मला दिसत नाही, मामा. मला दिसते ती महसुलाची आणि मालकीची. आणि मालकी कशी सिद्ध झाली, ते जरा जवळून पाहा.

एखादा डोंगर राखीव करायचा ठरला म्हणजे सरकार जाहीरनामा काढी. जंगल जमाबंदीचा अंमलदार नेमला जाई. आजूबाजूच्या गावांतून देशी भाषेत सूचना लावली जाई, आणि त्या जंगलात कोणाचा काही हक्क असेल त्याने ठरावीक मुदतीत, जी तीन महिन्यांहून कमी नसे, लेखी अर्ज करावा किंवा समक्ष येऊन सांगावे, असे फर्माविले जाई. जो सांगणार नाही त्याचा हक्क बुडाला. आता आपल्या अक्राणीच्या डोंगराचा विचार करा. कागद मोडीतला, मराठी भाषेतला. लागलेला पायथ्याच्या गावच्या चावडीवर. वरच्या पाड्यावरचा माणूस भिलोरी किंवा पावरी बोलणारा. चावडीत त्याचे काम पडे ते चोरीचा संशय आला म्हणजे. तो खाली उतरे बाजारासाठी. चारोळ्या, डिंक, मध देऊन मीठ घेई आणि अंधार पडायच्या आत चढणीला लागे. वाडवडिलांच्या वहिवाटीचा दावा कोणापुढे मांडायचा असतो, आणि न मांडल्यास ती वहिवाट संपते, हे त्याला कोणी सांगितले? मुदत सरली. डोंगराभोवती हद्दीच्या निशाण्या उभ्या राहिल्या. ज्या सत्तेला त्या मुलखात येऊन जेमतेम साठ वर्षे झाली होती, तिने पिढ्यान् पिढ्या तेथे राहणाऱ्या माणसाला पुरावा मागितला, आणि तो न दिल्याबद्दल त्याला त्याच्याच रानात चोर ठरवले. एका दिवसाची लढाई विसरता येते. ही तीन महिन्यांची मुदत मला विसरता येत नाही.

मामा : तुझा आवेश मी समजतो. पण हाच कायदा ठाण्या-कुलाब्याच्या कुणब्याला आणि आगऱ्यालाही लागला. तो काही डोंगरी जमातीचा नव्हे. भाताच्या रोपांसाठी तो राब जाळी. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण यांचे थर खाचरात पसरून उन्हाळ्यात पेटवी. जंगलखात्याने फांद्या तोडायला मनाई केली, तशी त्याची शेतीच अडली. ओरड एवढी झाली की सरकारला १८८५ साली चौकशी कमिशन नेमावे लागले. मग यात वंश कोठे आला? कायद्याचा फटका सगळ्यांनाच बसला.

मी : फटका सगळ्यांना बसला, पण मापे निराळी होती. कुणबी सरकारच्या लेखी रयत होता. त्याच्या नावे सर्व्हे नंबर होता, तो सारा भरी, आणि सारा बुडण्याची भीती सरकारला होती. त्याच्या बाजूने अर्ज लिहिणारे वकील होते, सभा होत्या, वर्तमानपत्रे होती. म्हणून कमिशन बसले. त्याच डोंगरावर नाचणी-वरईसाठी दळी जाळणाऱ्या कातकऱ्याला आणि ठाकराला काय मिळाले? फार तर एकसाली प्लॉट. या वर्षी आहे, पुढल्या वर्षी साहेबाची मेहेरबानी. १९२७ च्या जंगल कायद्यात तर स्पष्टच लिहिले आहे की फिरती शेती ही सर्व बाबतींत केवळ सवलत समजली जाईल, आणि ती नियंत्रित करण्याचा, मर्यादित करण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार सरकारला राहील. पिकवण्याची एक रीत हक्काला पात्र आणि दुसरी रीत जात्याच अपात्र! अशी विभागणी पिकांकडे पाहून होत नाही, पिकवणाऱ्याकडे पाहून होते. मोहाचेही तेच. १८७८ सालीच मुंबईचा अबकारी कायदा झाला, आणि १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. चैत्रात झाडाखाली पडणारी फुले वेचून, वाळवून त्यावर भुकेचे दिवस काढणाऱ्या बाईला फूल वेचण्यासाठी परवाना लागू लागला. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्या बहुतेक फिरत्या जमाती होत्या. आणि शतक संपता संपता रिस्ले नावाचा मोठा अधिकारी माणसांची नाके मोजून त्यांचे वंश लावीत होता. जमिनीची मोजणी आणि माणसाची मोजणी एकाच सरकारच्या एकाच काळातल्या आहेत, याकडे तुम्ही डोळेझाक करू नका.

मामा : रिस्लेच्या नाकमोजणीला शास्त्र कोणीच म्हणत नाही आता. पण तू सगळ्यांना एकाच दावणीला बांधतोस. गिब्सन, ब्रँडिस, रिस्ले, आउट्रम, सगळे सारखेच?

मी : सारखे नव्हते. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने केलेली कामे एका वाईट व्यवस्थेच्या उपयोगी पडली, म्हणून तर तिचा अभ्यास करावासा वाटतो. आणि ही व्यवस्था केवळ काळ्या माणसाला डोंगरावरून खाली आणून थांबली नाही. तिने गोऱ्या माणसाला डोंगरावर नेऊन बसवले. महाबळेश्वर पाहा. हिंदुस्थानच्या मैदानातली हवा गोऱ्या शरीराला सोसत नाही, रक्त पातळ होते, वंश दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत खुरटतो, अशी त्या काळच्या इंग्रज वैद्यांची पक्की धारणा होती. त्यासाठी प्रदेशाप्रदेशाच्या हवापाण्याचे ग्रंथ लिहिले गेले. त्यातून थंड डोंगर हे गोऱ्या वंशाचे आरोग्यस्थान ठरले. गव्हर्नर सर जॉन माल्कमने १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तहनामा करून महाबळेश्वरचा डोंगर घेतला, आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. तेथे माल्कम पेठ वसली. कृष्णेचे उगमस्थान, जावळीच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा, शिवकाळाशी जोडलेला तो मुलूख एका आजारी सैन्याचे आणि त्यांच्या मडमांचे विश्रांतिस्थान झाला. मढीमहालाला आर्थर्स सीट म्हणू लागले, नाकेखिंडीला केट्स पॉइंट. बटाटे आणि विलायती भाजीपाला लावायला चिनी आणि मलायी कैदी आणले गेले, आणि १८६४ पर्यंत त्यांचा तुरुंग तेथे होता. इतक्या लांबून कैदी आणवले, पण तेथल्या धावडांचे काय झाले? हे धावड डोंगरातल्या दगडापासून लोखंड गाळीत. त्यांच्या भट्ट्यांना कोळसा लागे. जंगल राखीव होत गेले, लाकूड मिळेनासे झाले, भट्ट्या थंडावल्या. तो डोंगर गोऱ्यांच्या फुप्फुसांसाठी राखायचा होता, तेव्हा त्यावर धूर करणाऱ्यांना जागा उरली नाही.

मामा : थंड हवेला कोण जात नाही? आज पुण्या-मुंबईचे लोक तेथे बंगले बांधतात, ते काय वंशशास्त्र वाचून? उन्हाळ्यात ज्याला परवडते तो डोंगर चढतो.

मी : आजचे कारण पैसा आहे, तेव्हा त्याच्या जोडीला शास्त्राचा आधार होता, आणि शास्त्राचा आधार असला म्हणजे कायदा करता येतो. पूर्व आफ्रिकेत केनियाच्या उंच पठारावर तोच विचार शेवटास गेला. १९०२ च्या वटहुकमाने मोकळी समजली गेलेली जमीन राजाच्या मालकीची झाली. मसाई लोकांना १९०४ आणि १९११ च्या करारांनी आपल्या कुरणांवरून हलवले. १९०८ पासून त्या पठारावरील जमीन युरोपियनांनाच द्यायची, हे धोरण ठरले. ज्यांनी तेथली रेल्वे घातली त्या हिंदी मजुरांच्या आणि दुकानदारांच्या भाऊबंदांनाही तेथे शेती घेता येईना, आणि १९२३ साली श्रीनिवास शास्त्री विलायतेत त्याविरुद्ध भांडले तरी ब्रिटिश सरकार हटले नाही. कारण काय सांगितले जाई? हवा. तेथील हवा गोऱ्यांना मानवते. महाबळेश्वरास जो विचार बाळसे धरीत होता तो केनियात पुरुष होऊन उभा राहिला.

मामा : केनियाचे मी मान्य करतो, तेथे वसाहतवाले होते. आपल्याकडे तसे नव्हते. आपल्याकडे इंग्रजाने उलट डोंगरी माणसाला आपल्यापासून वाचवले, हे तुला कधी तरी मान्य करावे लागेल. भिल्लाची जमीन कोणी खाल्ली? तळोद्याच्या, नंदुरबारच्या, शहाद्याच्या सावकाराने. एक पायली धान्य देऊन दोन पायली लिहून घेणाऱ्याने. सरकारने १९०१ साली जमीन विकण्यावर निर्बंध आणले ते या भीतीने. १९३५ च्या कायद्याने नवापूर, तळोदे, अक्राणी, पेठ, मोखाडा हे भाग अंशतः वगळलेले म्हणून गव्हर्नरच्या विशेष देखरेखीखाली ठेवले. १९३८ साली सिमिंग्टन या कलेक्टरीतल्या माणसाने तेथल्या वेठबिगारीवर जो अहवाल लिहिला, तसा आपल्या एकाही पुढाऱ्याने त्याआधी लिहिलेला नाही. मी तो वाचला आहे. त्या अहवालातला माणूस भिल्लाचा शत्रू नव्हे.

(येथे मी थोडा वेळ गप्प राहिलो. सिमिंग्टनच्या अहवालाविषयी मामा जे बोलले ते खरे आहे, आणि मराठी शेतकरी, मराठी सावकार, मराठी पाटील यांनी डोंगराच्या पायथ्याशी जे केले त्याचा दोष इंग्रजावर टाकून मोकळे होण्याची सोय इतिहासात नाही.)

मी : सिमिंग्टनला मी नमस्कार करतो. सावकार आपला होता, हेही खरे. पण भिल्ल सावकाराच्या दारात का गेला? डोंगरावर त्याला धान्य, फळ, कंद, शिकार, मोह, चारा होता. ते सारे परवान्याखाली गेले, तेव्हा तो रोख पैशासाठी खाली आला, आणि खाली सावकार बसला होता. एका हाताने ढकलायचे आणि दुसऱ्या हाताने सावरायचे, याला संरक्षण म्हणता येत नाही. शिवाय त्या संरक्षणाची तऱ्हा पाहा. मध्य प्रांतात मंडला जिल्ह्यात बैगा लोकांची बेवर, म्हणजे जाळून करायची शेती, सर्वत्र बंद केली; आणि १८९० साली त्यांच्यासाठी २३,९२० एकरांचा बैगा चक आखून दिला, की येथे काय ती करा. सागासाठी राखीव जंगल, बैगासाठी राखीव चक. आखणारी लेखणी तीच. पुढे १९४३ साली मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन आणि आपले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचा जाहीर वाद झाला. एल्विन म्हणत, यांना काही काळ वेगळे राहू द्या. घुर्ये म्हणत, हे मागासलेले हिंदूच आहेत, त्यांना समाजात येऊ द्या. एल्विननी बैगांच्या बेवरसाठी जिवापाड लिहिले, हे त्यांचे मोठेपण. घुर्यांची बुद्धी तर दांडगीच. पण आपल्याकडे त्या वादाचे जे पडसाद उठले त्यांत ही माणसे कोण आहेत यावरच खल झाला. ती ज्यावर उभी आहेत ती जमीन कोणाची, हे विचारणारे थोडे निघाले.

मामा : आता मी तुला एक सांगतो. नोकरीत असताना धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर अतिक्रमणाचा पंचनामा करायला गेलो होतो. म्हातारा होता. त्याने मला हाताला धरून नेले आणि उतारावर उभे केलेले दगड दाखवले; हा आजा, हा पणजा, हा त्याच्या वरचा. मी ते पाहिले, आणि पंचनाम्यात अतिक्रमण असे लिहिले. तुला वाटेल, हा कठोर माणूस. पण माझ्या हातातल्या छापील तक्त्यात दुसरा रकाना नव्हता. आणि त्या दिवशी मी तेथे अतिक्रमण लिहिले नसते, तर त्या दगडांच्या नावावर खालच्या गावच्या दहा जणांनी ट्रॅक्टर चढवले असते. मी जंगल राखले. ते राखले म्हणून आज वाटायला काही उरले आहे. आणि तूच सांग, १९२७ चा कायदा स्वातंत्र्यानंतर कोणी चालू ठेवला? आपणच ना? मग आपले सरकारही वंशवादी?

मी : तुमच्या तक्त्यातच माझे उत्तर आहे. दुसरा रकाना नव्हता. तो का नव्हता, हाच प्रश्न आहे. १८७८ साली ज्यांनी तो तक्ता आखला त्यांच्या मनात, हा माणूस निसर्गाचा भाग आहे, आणि निसर्गाचा भाग निसर्गाचा मालक होत नाही, ही समजूत होती. तक्ता पुढे आपल्याकडे आला. समजूत कोणी बोलून दाखवीत नाही, बहुतेकांना ती ठाऊकही नाही, पण रकाने तेच राहिले, आणि तुमच्यासारखा सरळ माणूस त्या दगडांसमोर उभा राहूनही ते कागदावर आणू शकला नाही. आपले सरकार वंशवादी आहे असे मी म्हणणार नाही. गोऱ्या वंशवाद्यांनी आखलेली हद्द आपण पुसली नाही, एवढे मात्र म्हणेन. जंगल राखले म्हणता. तर त्याच राखीव जंगलातून सरकारी कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, तोडले गेले, दोन महायुद्धांना लाकूड गेले, ते कोणत्या म्हाताऱ्याने नेले?

मामा : कूप नियमाने तोडले जात, तोडलेल्या ठिकाणी पुन्हा लागवड होई. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने काय झाले ते मी पाहिले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की जमीन नावावर होते, असे कळताच रातोरात झाडे पडली. ज्याचा खरा हक्क होता तो मागे राहिला, आणि कागद करणारा पुढे गेला. तू हक्क म्हणतोस. मला कापलेली खोडे दिसतात.

मी : ती खोडे मीही पाहिली आहेत. त्याच कायद्याखाली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि गावाने मिळून बांबू विकला, तो जंगल न उजाडता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मामांनी यावर मान हलवली. ती होकाराची होती असे मी म्हणणार नाही. आमचा वाद मिटलेला नाही, आणि मिटावा अशी माझी घाईही नाही. परंतु या वादातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, ती वाचकांपुढे ठेवतो. वनहक्काच्या दाव्याला किमान दोन पुरावे लागतात, आणि नियमांनी मानलेल्या पुराव्यांत गॅझेटिअरे आहेत, जुनी मोजणी व जमाबंदीची कागदपत्रे आहेत, जंगल चौकशीचे अहवाल आहेत, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आहेत, विहिरी आणि दफनभूमीही आहेत. मामांना त्या म्हाताऱ्याने जे दगड दाखवले, त्यांना कायद्यात आज रकाना आहे. कागद मात्र तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दप्तरांत पडून आहेत, जुने कागद मोडीत आहेत, आणि डोंगरातल्या ग्रामसभेला मोडी वाचता येत नाही. महाराष्ट्रात मोडी शिकलेली माणसे, विशेषतः तरुण, आज पुष्कळ आहेत. बहुतेक जण घराण्यांच्या वंशावळी आणि सरदारांच्या सनदा वाचण्यात गुंतलेले असतात. त्यांतल्या काहींनी उन्हाळ्याच्या सुटीत धडगाव, अक्कलकुवा, पेठ, मोखाडा येथल्या वनहक्क समित्यांबरोबर बसावे, आणि राखीव जंगलाच्या त्या जुन्या चौकशीत ज्यांचे नाव लागायचे राहिले त्यांच्या गावाचा, नदीचा, पाड्याचा उल्लेख दप्तरात कोठे सापडतो का, ते शोधून द्यावे.